वाळूजचं ॲल्युमिनियम : रिपोर्टात न दिसणारी रचना

वाळूज एमआयडीसीत तयार झालेली कुठलीही मोटारसायकल घ्या. क्रँककेस, क्लच कव्हर, मॅग्नेटो कव्हर, सिलिंडर हेड, पिस्टन, अलॉय व्हील हे सगळे भाग ॲल्युमिनियमचे म्हणून ओळखले जातात. शुद्ध ॲल्युमिनियमचा मात्र त्यात एकही नसतो. साधारण ७ टक्क्यांपासून १२ टक्क्यांपर्यंत, आणि काही पिस्टनमध्ये १८ टक्क्यांपर्यंत सिलिकॉन त्यांत मिसळलेलं असतं. छत्रपती संभाजीनगरच्या गेल्या चाळीस वर्षांच्या कारखानदारीचा मोठा भाग या एका धातुजोडीवर उभा आहे. नोव्हेंबर १९८५ मध्ये बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी अनुरंग जैन यांनी इथे डाय कास्टिंगचा व्यवसाय सुरू केला. तोच पुढे एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज या नावानं देशातल्या मोठ्या ॲल्युमिनियम ओतकाम कंपन्यांत गणला गेला. मग वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्यात डाय बनवणारे, मशीनिंग करणारे, फेटलिंग करणारे लहान-मोठे कारखाने उभे राहिले.

या व्यवसायात माल स्वीकारायचा की परत पाठवायचा हे आजही पहिल्यांदा स्पेक्ट्रोमीटरच्या रिपोर्टावर ठरतं. सिलिकॉन इतकं, तांबं इतकं, लोखंड इतकं, सगळं मर्यादेत, म्हणजे माल चांगला. इतकी वर्षं या विषयावर जगभर जे काम झालं त्याचा निष्कर्ष याच्या बरोबर उलट आहे. एकाच इन्गॉटचा रस पातळ भिंतीच्या डायमध्ये ओतला आणि वाळूच्या साच्यात ओतला, तर हाती येणारे दोन भाग रासायनिक दृष्ट्या एकच असतात, पण त्यांची ताकद, चिवटपणा आणि थकव्याला तोंड देण्याची क्षमता वेगळी असते. ती ठरते रस घट्ट होताना. म्हणून हा आढावा रसायनाच्या तक्त्यापेक्षा सूक्ष्मरचनेच्या बाजूनं घेतला आहे.

सिलिकॉनच का, हा पहिला प्रश्न. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, सिलिकॉन १४१४ अंशांना. दोघांना एकत्र केलं की वितळबिंदू खाली येत जातो आणि सिलिकॉन सुमारे १२.६ टक्के झालं की ५७७ अंशांवर तळ गाठतो. हा युटेक्टिक बिंदू. इथे रस जवळपास एकाच तापमानाला गोठतो, मध्ये लगद्यासारखी अवस्था फारशी राहत नाही, त्यामुळे डायच्या पातळ कोपऱ्यापर्यंत तो सहज पोचतो. दुसरं कारण उष्णतेचं आहे. गोठताना एक किलो ॲल्युमिनियम सुमारे ४०० किलोज्यूल उष्णता सोडतं, तर सिलिकॉन त्याच्या चौपटीहून जास्त. त्यामुळे सिलिकॉन असलेला रस जास्त वेळ वाहता राहतो. तिसरं कारण आकसण्याचं. ॲल्युमिनियम घट्ट होताना सहा टक्क्यांहून जास्त आकसतं, सिलिकॉन उलट फुगतं. म्हणून सिलिकॉन वाढवलं की श्रिंकेज कमी होतं, गरम असताना तडा जाण्याचं प्रमाणही घटतं. इतके गुण एकत्र देणारं आणि वजन न वाढवणारं दुसरं मूलद्रव्य ॲल्युमिनियमला मिळालेलं नाही. तरीही १९०३ मध्ये राइट बंधूंनी पहिल्या विमानाच्या इंजिनासाठी सुमारे ८ टक्के तांब्याचं ॲल्युमिनियम वापरलं होतं; सिलिकॉनची मिश्रधातू तेव्हा ठिसूळ समजली जाई.

आणि ती खरोखरच ठिसूळ होती. कारण समजायला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. भागाचा बोटभर तुकडा कापायचा, एमरी पेपरवर जाड्यापासून बारकाकडे घासत न्यायचा, दर पेपरला नमुना काटकोनात फिरवायचा, शेवटी फिरत्या कापडावर पॉलिश करायचा. ॲल्युमिनियम मऊ, सिलिकॉन कठीण. घाई केली की मऊ भाग खणला जातो आणि कठीण कण वर उचललेले दिसतात, मग फोटोतली रचना खोटी असते. नीट पॉलिश झालेला नमुना एचिंगशिवायही बोलतो. पांढरट पार्श्वभूमीवर ॲल्युमिनियमच्या फांद्या फुटलेल्या दिसतात, त्या डेंड्राइट. फांद्यांच्या मधल्या जागेत करडं सिलिकॉन असतं. साध्या, सावकाश गोठलेल्या ओतकामात हे सिलिकॉन लांब टोकदार सुयांसारखं दिसतं. प्रत्यक्षात त्या सुया नसून पातळ पत्रे असतात आणि कापलेल्या प्रतलात त्यांची फक्त कड दिसते. ताण आला की याच पत्र्यांच्या टोकाशी तडा सुरू होतो आणि एका पत्र्यावरून दुसऱ्यावर जात भाग तोडतो.

या पत्र्यांना वळण लावण्याचा शोध अमेरिकेत स्थायिक झालेल्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ अलादार पॅझ यांनी लावला. सोडियमचा क्षार रसात मिसळला की गोठताना सिलिकॉन बारीक, फांद्याफांद्यांच्या धाग्यासारखं वाढतं, हे त्यांनी दाखवलं आणि १९२१ मध्ये त्यावर अमेरिकी पेटंट मिळालं. सिलिकॉनचं प्रमाण तेवढंच, पण ताणल्यावर लांबण्याची क्षमता काही पटींनी वाढली. ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा खरा व्यापारी इतिहास तिथून सुरू होतो. कारखान्यात या प्रक्रियेला मॉडिफिकेशन म्हणतात. सोडियमची अडचण अशी की ते भट्टीच्या तापमानाला उडून जातं, अर्ध्या तासात परिणाम ओसरायला लागतो. म्हणून पुढे स्ट्रॉन्शियम आलं. दहा टक्के स्ट्रॉन्शियम असलेल्या ॲल्युमिनियमच्या कांड्या मिळतात, रसात ०.०१ ते ०.०२ टक्के पुरतं आणि ते तासन्‌तास टिकतं. ॲन्टिमनी हा तिसरा पर्याय. तो सिलिकॉनला धाग्यासारखं न करता बारीक पत्र्यांचं करतो आणि कितीही वेळा वितळवलं तरी रसातून जात नाही. हाच त्याचा धोका. ॲन्टिमनीचं भंगार स्ट्रॉन्शियमच्या रसात मिसळलं तर दोघं एकमेकांचा परिणाम मारून टाकतात.

हे नेमकं घडतं कसं, यावर सत्तर वर्षं वाद चालला. १९८७ मध्ये लू आणि हेलावेल या संशोधकांनी मांडलेली कल्पना आज सर्वांत जास्त मानली जाते. सोडियम किंवा स्ट्रॉन्शियमचे अणू वाढत्या सिलिकॉन स्फटिकाच्या पायऱ्यांवर बसतात आणि त्यामुळे स्फटिकाच्या थरांची दिशा वारंवार उलटते. एका दिशेनं पत्रा वाढण्याऐवजी तो वळत, फुटत जातो. नंतरच्या संशोधनानं यात भर घातली की युटेक्टिकची सुरुवात कुठून होते हेही मॉडिफिकेशननं बदलतं, आणि त्यात फॉस्फरसची भूमिका मोठी आहे. काही दशलक्षांश फॉस्फरस रसात असला तरी ॲल्युमिनियम फॉस्फाइडचे कण तयार होतात आणि त्यांवर सिलिकॉन बसतं. १२ टक्क्यांखालच्या मिश्रधातूत हे नको असतं. १७-१८ टक्के सिलिकॉनच्या पिस्टनमध्ये मात्र मुद्दाम फॉस्फरस टाकतात, कारण तिथे सिलिकॉनचे मोठे खडे बारीक करायचे असतात. म्हणून एकाच भट्टीत आज पिस्टनची आणि उद्या सिलिंडर हेडची मिश्रधातू वितळवणं फार महागात पडतं.

प्रेशर डाय कास्टिंगमध्ये, म्हणजे वाळूजच्या भाषेत पीडीसीत, मॉडिफिकेशनची गरज सहसा पडत नाही. रस गेटमधून सेकंदाला ३० ते ६० मीटर वेगानं आत घुसतो, डाय काही मिलिसेकंदांत भरते आणि थंड पोलादी भिंतीला लागून इतक्या झटपट गोठतो की सिलिकॉन आपोआप बारीक राहतं. डेंड्राइटच्या दुय्यम फांद्यांमधलं अंतर तिथे साधारण ५ ते १५ मायक्रॉन असतं. ग्रॅव्हिटी डायमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट, वाळूच्या साच्यात ५० मायक्रॉनपेक्षा जास्त. हे अंतर गोठण्याच्या वेळेच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतं. या एका आकड्यावरून चिवटपणाचा अंदाज रासायनिक रिपोर्टापेक्षा जास्त भरवशाचा येतो, आणि तरीही तो फार कमी ड्रॉइंगवर लिहिलेला असतो.

आता लोखंडाकडे येऊ. पीडीसीत सगळ्यांत जास्त चालणारी मिश्रधातू एडीसी १२. जपानी मानकानुसार तिच्यात सिलिकॉन ९.६ ते १२ टक्के, तांबं १.५ ते ३.५ टक्के आणि लोखंड १.३ टक्क्यांपर्यंत चालतं. तिचा इन्गॉट बहुतेक वेळा भंगारापासून बनतो. भंगारातून ॲल्युमिनियम काढायला खनिजापासून काढण्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते, म्हणून स्वस्तही पडतं आणि पर्यावरणालाही बरं. पण भंगारात बोल्ट, बुश, लायनरचे तुकडे असतात, त्यांचं लोखंड रसात विरघळतं आणि एकदा विरघळलं की ते व्यवहारात परत काढता येत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम ओतून पातळ करणं एवढाच उपाय उरतो आणि त्यात स्वस्ताईचा फायदा संपतो.

घन ॲल्युमिनियममध्ये लोखंड जवळपास विरघळतच नाही. त्यामुळे गोठताना ते सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमबरोबर बीटा नावाचं संयुग बनवतं. सूक्ष्मदर्शकाखाली हे सिलिकॉनच्या करड्यापेक्षा फिकट, सरळ, लांब काड्यांसारखं दिसतं. याही काड्या खरं तर पत्रेच. सिलिकॉनच्या पत्र्यांपेक्षा यांचा त्रास जास्त, कारण ते डेंड्राइटच्या फांद्यांमधून रस वाहायला अडथळा आणतात आणि त्यांच्या आडोशाला पोकळ्या राहतात. मँगनीज मिसळलं तर हेच लोखंड अल्फा नावाच्या वेगळ्या संयुगात जातं. त्याचा आकार चिनी अक्षरांसारखा गुंतागुंतीचा असतो आणि त्याच्याशी तडा तितक्या सहज सुरू होत नाही. लोखंडाच्या निम्मं मँगनीज हे कारखान्यांतलं जुनं ठोकताळ्याचं प्रमाण. पण मँगनीज आणि क्रोमियम वाढलं की होल्डिंग भट्टीच्या तळाशी जड, कठीण गाळ बसतो. लोखंड, अधिक मँगनीजच्या दुप्पट, अधिक क्रोमियमच्या तिप्पट, ही बेरीज साधारण १.८ च्या पुढे गेली आणि भट्टीचं तापमान ६५० अंशांच्या आसपास उतरलं की हा गाळ तयार व्हायला लागतो. त्याचा एखादा कण शॉटमध्ये गेला की सीएनसीवरचं महागडं टूल त्या भागावर तुटतं. मशीनिंगवाला ओतकामवाल्याला दोष देतो, ओतकामवाला इन्गॉटवाल्याला. कारण तळाच्या गाळात असतं आणि तो दर शिफ्टला साफ करायला कोणाला सवड नसते.

मग लोखंड पूर्ण काढूनच का टाकत नाहीत? कारण डाय पोलादाची असते. लोखंड कमी असलेला रस डायमधलं लोखंड स्वतःत ओढून घेतो आणि भाग डायला चिकटतो. याला सोल्डरिंग म्हणतात. लोखंड ०.८ टक्क्यांच्या पुढे असलं की हे चिकटणं बरंच कमी होतं. म्हणजे जे लोखंड भागाचा चिवटपणा मारतं तेच डायचं आयुष्य वाढवतं. एडीसी १२ मध्ये लोखंडाची इतकी मोठी सूट ठेवण्यामागे स्वस्त भंगार आणि टिकाऊ डाय हे दोन हिशेब आहेत. भागाच्या गुणांचा विचार त्यात दुय्यम आहे. किती लोखंड चालेल याचं एक उपयोगी सूत्र ऑस्ट्रेलियातल्या जॉन टेलर यांच्या कामातून मिळतं : सिलिकॉनच्या टक्केवारीला ०.०७५ नं गुणा आणि ०.०५ वजा करा. ७ टक्के सिलिकॉनला ही मर्यादा साधारण ०.४८ येते, ११ टक्क्यांना साधारण ०.७८. त्यापलीकडे मोठ्या काड्या आधीच तयार होतात आणि पोकळ्या झपाट्यानं वाढतात. क्लच कव्हरला हे खपून जातं. ब्रेक, सस्पेन्शन आणि चाकाला खपत नाही. म्हणून अलॉय व्हील ए३५६ या मिश्रधातूचं असतं, जिच्यात लोखंड ०.२ टक्क्यांच्या आत ठेवतात.

चाकाच्या या मिश्रधातूत ०.३ टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असतं आणि त्याच्या जोरावर तिला टी६ उष्णोपचार देता येतो. ५४० अंशांवर काही तास ठेवायचं, पाण्यात बुडवायचं, मग १५५ ते १७० अंशांवर पुन्हा काही तास. पहिल्या टप्प्यात मॅग्नेशियम विरघळतं आणि सिलिकॉनचे कण गोलसर होतात, शेवटच्या टप्प्यात मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण फुटून धातू कठीण होतो. तांबं असलेल्या मिश्रधातूला इतकं तापमान सोसत नाही, तिच्यातलं तांब्याचं संयुग त्याआधीच वितळतं. पिस्टनमध्ये मात्र तांबं आणि निकेल लागतंच, कारण तिथे गरम असतानाची ताकद हवी, आणि सिलिकॉन जास्त लागतं ते प्रसरण आवरायला.

पीडीसीच्या भागाला असा उपचार द्यायला गेलं की पृष्ठभागावर फोड येतात. भरताना अडकलेली हवा तापते, धातू मऊ होतो, हवा त्याला फुगवते. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतल्या संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात दाखवलं की पहिला टप्पा तासांऐवजी दहा-पंधरा मिनिटांचाच ठेवला तर फोड टाळून बरीचशी ताकद मिळवता येते. व्हॅक्यूम लावून हवा आधीच काढणं हा दुसरा मार्ग आहे, पण त्याला डाय, सील आणि व्हॉल्व्ह जास्त काटेकोर लागतात.

हवेखेरीज आणखी एक वायू आहे, हायड्रोजन. द्रव ॲल्युमिनियममध्ये तो जितका विरघळतो त्याच्या सुमारे विसावा हिस्साच घन झाल्यावर आत राहू शकतो. उरलेला डेंड्राइटच्या फांद्यांत पिनहोल होऊन बसतो. तो येतो पाण्यातून : ओला इन्गॉट, दमट भंगार, नीट न तापवलेली लॅडल, आणि हवेतली वाफ. मराठवाड्याची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी असते, त्यामुळे उन्हाळ्यात बसवलेली डिगॅसिंगची, म्हणजे रसातला वायू काढण्याची, वेळ दमट जुलैत पुरत नाही. उघड्या शेडखाली रचलेल्या इन्गॉटवर रात्रीतून ओल धरते. हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. कपभर रस कमी दाबाखाली गोठवायचा, मधोमध कापायचा आणि भोकं बघायची. नमुना वर फुगलेला असेल तर भट्टीत वायू आहे. पाच-सात मिनिटांचं काम, आणि ते पाळीच्या सुरुवातीला व्हायला हवं. रिजेक्शन वाढल्यावर करून उपयोग नाही.

बर्मिंगहॅम विद्यापीठातले ओतकामतज्ज्ञ जॉन कॅम्पबेल यांनी हायड्रोजनच्या या कथेला महत्त्वाची दुरुस्ती केली. त्यांच्या मते नुसता वायू पोकळी सुरू करू शकत नाही, त्याला सुरुवातीची फट लागते, आणि ती देतो ऑक्साइडचा पापुद्रा. दुधावरची साय ढवळून आत गेली की दुमडते, तिच्या कोरड्या बाजू एकमेकींवर बसतात आणि एकजीव होत नाहीत. रसावरचा पापुद्राही ओतताना तसाच दुमडून आत जातो आणि तयार तडा म्हणून भागात राहतो. त्यांनी रसाच्या वाहण्याला सेकंदाला अर्धा मीटर ही मर्यादा सांगितली. पीडीसीचा वेग त्याच्या शंभरपटीच्या घरात जातो. त्यामुळे त्या भागांत पापुद्रे असणारच हे गृहीत धरून काम करावं लागतं. कॅम्पबेल जवळपास सगळेच दोष पापुद्र्यांच्या खात्यावर टाकतात, ते मला पूर्ण पटत नाही. लोखंडाच्या काड्या पापुद्र्यांशिवायही नुकसान करतात. पण रस उंचावरून धबाधब ओतण्याची जी सवय अनेक शेडमध्ये आहे, तिच्याविरुद्ध त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे.

पीडीसीच्या भागाची बाहेरची साधारण अर्धा ते एक मिलिमीटर त्वचा दाट आणि बारीक रचनेची असते, पोकळ्या आत असतात. मशीनिंगला ही त्वचा काढून टाकली की आतल्या पोकळ्या उघड्या पडतात आणि भाग लीक टेस्टला फेल होतो. मग तो इम्प्रेग्नेशनला जातो, भोकांत रेझिन भरतं. काही भागांसाठी हा रास्त उपाय आहे. पण ज्या कव्हरला चार मिलिमीटर मशीनिंग अलाउन्स ठेवलाय तिथे दोष डिझाइनचा आहे, आणि डाय बनवतानाच तो सुधारायला हवा. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमसारखी संस्था शहरात असताना डाय डिझायनर आणि धातुशास्त्रज्ञ यांनी एका टेबलावर बसणं अवघड नाही. नागपूरला १९८९ पासून जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, तिथल्या ज्ञानाचा इथल्या लघुउद्योगांनी आणखी उपयोग करून घ्यायला हवा.

हे सगळं आता जास्त निकडीचं का झालं? २०२४ मध्ये एथर एनर्जीनं बिडकीनजवळच्या ऑरिकमध्ये कारखाना जाहीर केला, टोयोटा किर्लोस्करनंही जिल्ह्यात मोठ्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. इलेक्ट्रिक गाडीत पिस्टन, सिलिंडर हेड नाही. मोटारीचं कवच, कंट्रोलरचं घर, बॅटरीची पेटी आहे. तिथे उष्णता बाहेर काढणं महत्त्वाचं. शुद्ध ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता सुमारे २३५ वॅट प्रति मीटर केल्विन, तर एडीसी १२ ची शंभराच्याही खाली, कारण विरघळलेलं तांबं आणि इतर धातू वाटेत अडथळे आणतात. सांगाड्याच्या मोठ्या भागांना दुसरंच काही हवं, म्हणजे अपघातात न तुटता दुमडण्याची क्षमता. जर्मनीच्या राइनफेल्डन कंपनीनं त्यासाठी ०.१५ टक्क्यांच्या आत लोखंड, डायला चिकटू नये म्हणून ०.५ ते ०.८ टक्के मँगनीज आणि थोडं स्ट्रॉन्शियम अशी सिलाफाँट ३६ ही मिश्रधातू आणली. टेस्लानं २०२० पासून गाडीचा मागचा सगळा सांगाडा एका प्रचंड शॉटमध्ये ओतायला सुरुवात केली, तीही याच कुळातल्या कमी लोखंडाच्या मिश्रधातूतून.

वाळूजमध्ये हे काम येईल तेव्हा ते एडीसी १२ च्या शेजारच्याच मशीनवर येण्याची शक्यता जास्त. कमी लोखंडाचा साडेचारशे किलो रस समजा, लोखंड ०.१२ टक्के. त्यात चुकून एडीसी १२ चे पन्नास किलो रनर आणि बिस्किटं, म्हणजे भागापासून कापून काढलेले परतीचे तुकडे, पडले, ज्यांत लोखंड ०.९ टक्के आहे. पाचशे किलोच्या भट्टीत लोखंड जवळपास ०.२ टक्के होतं आणि पूर्ण भट्टी मर्यादेबाहेर जाते. ते लोखंड परत काढायला कुठलाही फ्लक्स उपयोगाचा नाही. त्यामुळे नव्या मशीनच्या कोटेशनबरोबरच परतीच्या मालासाठी वेगळ्या रंगाच्या ट्रॉल्या, वेगळी लॅडल, वेगळी होल्डिंग भट्टी आणि शिफ्टला एक पॉलिश केलेला नमुना बघणारा माणूस यांचा खर्च आजच धरावा लागेल.